मदत हवी आहे: लिंक्डइनवर लोकेशन कोल्हापूर ठेवू की पुणे?

मंडळी, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, चाकण-भोसरीकडं नोकरी बघतोय. लिंक्डइनच्या हेडलाईनला २२० अक्षरं मिळतात. तिथं नुसतं ‘क्वालिटी इंजिनिअर’ होतं, आता ग्रे आयर्न, सँड टेस्टिंग, रिजेक्शन अ‍ॅनालिसिस घातलंय. ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय ही खूण) फक्त रिक्रूटरांना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसेल असं ठेवून त्यात पुणे टाकलंय. फोटोवर सगळ्यांना दिसणारी त्याची हिरवी पट्टी नको, आमचे साहेबच कनेक्शनमध्ये आहेत! तरी मेसेज येतात ते विमा एजन्सी घ्या म्हणणाऱ्यांचेच. कास्टिंगचे फोटो टाकता येत नाहीत, ड्रॉइंग गिऱ्हाईकाचं असतं. लिंक्डइनचं पैसे भरून मिळणारं प्रीमियम घेणार नाही. नोटीस एक महिना, शिफ्ट व्हायची तयारी आहे.

प्रोफाइलचं लोकेशन मात्र अजून कोल्हापूरच आहे. पुण्याचे रिक्रूटर त्यामुळं गाळतात का? की आत्ताच पुणे टाकलं तर मुलाखतीत अडचण येते? इथल्या फौंड्रीतून तिकडं गेलेल्यांनी काय केलं होतं?