मदत हवी आहे: निबंध मुलाने स्वतः लिहिला की एआयकडून घेतला, हे अन्याय न होता कसे ठरवावे?

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना भाषा शिकवते. गृहपाठात एआयचा वापर कुठे चालेल आणि कुठे नाही, याची नियमावली तयार करण्याचे काम मुख्याध्यापकांनी आम्हा काही शिक्षकांकडे सोपवले आहे. बाकीचा मसुदा बऱ्यापैकी मार्गी लागला आहे, परंतु एका कलमावर आमचे घोडे अडले आहे. एखादे लेखन विद्यार्थ्याचे स्वतःचे नाही असा संशय आला, तर त्याची शहानिशा कोणी आणि कशाच्या आधारे करायची?

हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. नववीतील एका मुलीचा निबंध मध्यंतरी एआयचे लेखन ओळखणाऱ्या एका साधनाने यंत्रलिखित ठरवला आणि त्या आधारावर तिला शून्य गुण देण्यात आले. दुसऱ्या दिवशी ती कच्ची वही घेऊन आली. पहिला परिच्छेद निरनिराळ्या प्रकारे सुरू करून खोडलेला होता, मधले एक वाक्य बाण काढून शेवटी नेलेले होते आणि समासात शब्दांचे पर्याय लिहून त्यांतला एक अधोरेखित केला होता. तिचे गुण परत मिळाले. मात्र त्यानंतरच्या लेखनात मला सोप्या शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसू लागल्या, ज्या ती पूर्वी कधीच करत नसे. विचारल्यावर ती म्हणाली, "बाई, फार नीट लिहिलं की पुन्हा तेच होईल." हे उत्तर माझ्या मनातून जात नाही.

अशा साधनांविषयी मी जे वाचले आहे, त्यावरून केवळ त्यांच्या टक्केवारीवर कोणालाही दोषी धरू नये असे माझे ठाम मत झाले आहे. पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे आणि वाक्यांच्या रचनेत किती चढउतार आहे, अशा खुणांवरून ही साधने बहुधा अंदाज बांधतात. त्यामुळे ज्याचा शब्दसंग्रह लहान आहे आणि जो साधी, सरळ, ठरावीक वळणाची वाक्ये लिहितो, तोच मुलगा नेमका संशयात सापडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले होते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुले करणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ओळखसाधन आणले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राचे अवघे २६ टक्के लेखन बरोबर हेरले आणि माणसांनी लिहिलेल्या लेखनापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून, कंपनीने ते मागे घेतले. चुकीचे ते प्रमाण ४० मुलांच्या वर्गाला लावले, तर सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहूनही तीन-चार मुलांना आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करत बसावे लागेल. आजची साधने त्याहून सुधारलेली असतीलही, परंतु यंत्राने दिलेला आकडा मुलाला खोडून काढता येत नाही, ही अडचण तशीच राहते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही मुले आयता मजकूर उतरवून आणतात, आणि त्यांचे नुकसान गुणांच्या पलीकडचे आहे. एका मुलाच्या पाणीटंचाईवरील निबंधात "भूजलाचा अनिर्बंध उपसा" असे शब्द होते. उपसा म्हणजे काय, असे मी सहज विचारले, तेव्हा तो वहीकडे पाहत राहिला. मुद्दा सुचणे, तो मनासारखा न उतरणे, पुन्हा लिहिणे, या खटाटोपातच विचार करण्याची सवय लागते, आणि तेवढाच भाग त्याने वगळला होता. सरसकट बंदी घालावी असेही मला वाटत नाही, कारण घरी काय चालते यावर शाळेचा ताबा नसतो. शिवाय स्वतः लिहिलेल्या परिच्छेदातील त्रुटी विचारून घेणे आणि अख्खा परिच्छेद मागवणे यांत फरक आहे, तो मुलांना शिकवायलाच हवा. वयाचा मुद्दाही आहे. वर्गात मजकूर तयार करून देणाऱ्या एआय साधनांच्या वापरासाठी किमान वय १३ असावे, असे युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे, त्यामुळे खालच्या इयत्तांसाठी वेगळा नियम करण्यावर आमचे एकमत झाले.

शहानिशेच्या पर्यायांवर मात्र मतभेद आहेत. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की गुण द्यायचे सर्व लेखन वर्गातच करून घ्यावे. त्यात संशयाला जागा उरत नाही, पण आठवडाभर वाचून, माहिती गोळा करून लिहिण्याचा सराव बंद पडतो. दुसरा पर्याय तोंडी विचारण्याचा. मला तो सर्वांत न्याय्य वाटतो, तरी ५० मुलांना प्रत्येकी पाच मिनिटे दिली तर एका निबंधामागे चार तासांहून अधिक वेळ जातो, आणि बुजरे मूल स्वतः लिहिलेल्या निबंधावरही अडखळते. तिसरा पर्याय म्हणजे कच्चा मसुदा किंवा गूगल डॉक्समधील बदलांचा इतिहास सोबत मागणे. पण समोर ठेवलेला मजकूर पाहून टंकलेखन करता येते, आणि ज्या घरात एकच फोन सगळ्यांत फिरतो तिथल्या मुलाकडे असा इतिहास दाखवण्याची सोय नसते.

आपल्यापैकी जे शिकवतात किंवा ज्यांच्या मुलांच्या शाळेत असा नियम लागू आहे, त्यांच्या अनुभवाची मला गरज आहे. तोंडी विचारणा सगळ्यांची करता की काही जणांचीच, आणि काही जणांचीच करत असाल तर निवड कशी करता, म्हणजे ठरावीक मुलांवरच रोख आहे असे त्यांना वाटणार नाही? कच्च्या कामाला स्वतंत्र गुण ठेवून पाहिले असतील, तर मुले तेही उतरवून आणू लागली का? संशय खरा ठरल्यावर शिक्षा करता की तेच लेखन पुन्हा करून घेता? आणि संशय खोटा ठरला, तर त्या मुलाचा विश्वास परत मिळवण्यासाठी नियमावलीत काही तरतूद आहे का? यावर आमच्या मसुद्यात अद्याप एक ओळही नाही, आणि त्या मुलीच्या वह्या तपासताना मला सर्वाधिक उणीव या तरतुदीचीच जाणवते.

आपल्या शाळेच्या नियमातील नेमकी वाक्यरचना, शाळेचे नाव वगळून, इथे देता आली तर फार उपयोग होईल. पुढील पालकसभेपूर्वी हे कलम लिहून द्यायचे आहे.