कर्जव्यवसायातून बंदी घातलेल्या व्यक्तींची यादी आपल्याकडे पाहायला मिळते का?

गिरगावकर: ठाकुरद्वारला आमचे गृहकर्जाच्या डीएसएचे, म्हणजे बँकांना कर्जदार मिळवून देणाऱ्या एजंटाचे, छोटे कार्यालय आहे. नोकरीसाठी आलेल्या एका गृहस्थांना आधीची वित्तकंपनी का सोडली असे विचारले, तर दर वेळी उत्तर वेगळे मिळते. माझा भाचा ऑस्ट्रेलियात असतो. तो सांगतो की तेथील एएसआयसी ही नियामक संस्था २००९ च्या ग्राहककर्ज कायद्यानुसार थेट व्यक्तीवर बंदी घालते आणि ते नाव कोणालाही नोंदवहीत शोधता येते. आपल्याकडे अशी सोय आहे का?

निवृत्त बँकवाला: तशी सोय नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३६एए अन्वये रिझर्व्ह बँक बँकेच्या अध्यक्षापासून कर्मचाऱ्यापर्यंत कोणालाही पदावरून दूर करू शकते, आणि २०१९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात आलेल्या कलम ४५-आयडीनुसार वित्तकंपनीच्या संचालकाला हटवून जास्तीत जास्त पाच वर्षे अशा कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थापनापासून लांब ठेवू शकते. पण दारोदार फिरून कर्जाच्या फाइल गोळा करणाऱ्या माणसापर्यंत हा हात सहसा पोहोचत नाही. मुदतीआधी करार रद्द झालेल्या एजन्सींची सावधगिरी-यादी इंडियन बँक्स असोसिएशन ठेवते, मात्र ती बँकांच्या आपापसातील वापरासाठी असते. शिवाय ती एजन्सींची असल्यामुळे एक पाटी उतरली की तोच माणूस दुसऱ्या पाटीखाली बसतो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले.

मुलुंडची वाचक: मग पडताळणी तुम्हालाच करावी लागेल. रिलीव्हिंग लेटर मागा आणि त्यावरची तारीख पीएफच्या पोर्टलवरील सर्व्हिस हिस्टरीशी ताडून पाहा. ती त्यांना तुमच्यासमोरच उघडायला सांगितलेली बरी. गृहस्थ वसुलीत होते असे म्हणत असतील, तर आयआयबीएफ या बँकिंग प्रशिक्षण संस्थेचे डीआरए (कर्जवसुली एजंट) प्रमाणपत्र त्यांच्याकडे असायला हवे. वसुली करणाऱ्या माणसांची पूर्वपीठिका तपासली जाते हे पाहण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने २००८ च्या परिपत्रकात बँकांवर टाकली होती, आणि त्यात नेमणुकीपूर्वीच्या पोलीस पडताळणीचाही उल्लेख होता.

गिरगावकर: आभारी आहे. पोलीस पडताळणी आम्ही स्वतः मागू शकतो का?

निवृत्त बँकवाला: अर्ज त्यांनाच करायला सांगा, चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी मुंबईत ऑनलाइन अर्ज करता येतो. मात्र त्यात पोलिसांकडील नोंदीच दिसतात. पगारपत्रके खोटी लावली म्हणून कंपनीने गुपचूप राजीनामा घेतला असेल, तर प्रमाणपत्र कोरेच येईल. त्यासाठी जुन्या कार्यालयातील वरिष्ठांना फोन करा, आणि तो क्रमांक उमेदवाराकडून घेऊ नका.