पावसात गुरं सड्यावर आणि कापणीनंतर खाजणात, कसं जमवावं?

खाडीकाठचा (देवगड):
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सहा गायी, दोन पाडे आणि एक पाडी आहे, सगळी गावठी, बारक्या अंगाची. घर खाडीच्या अंगाला, सडा म्हणजे कातळाचं पठार वर, मधे चढणीची पायऱ्यांची पाखाडी. पूर्वी अख्ख्या वाडीची गुरं पाळीने सड्यावर जायची, आता तीनच घरांत उरलीत त्यामुळे राखणीला माणूस कुठून आणायचा हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे भात कापल्यावर खाली खाजणाच्या (खाडीकाठच्या खारवट जमिनीच्या) बांधाआतली पडीक जागा आहे तिथे सोडायची म्हणतोय, हिरवं टिकतं पण पाणी मचूळ लागतं. तिवराचा (खाडीतल्या खारफुटीचा) पाला गायी आवडीने ओढतात, तो द्यावा का? आणि सड्यावर चढवायची कधी, उतरवायची कधी? गुरं विकायची नाहीत, ठेवायचीच आहेत, तेव्हा जर्सी घे असं कृपया सांगू नका.

गोठा_राजापूर:
दादा, ठेवतोयस हेच मोठं. गवत बघून दिवस ठरवू नको, पाणी बघ. कातळावर माती बोटभर, पाऊस पडला की हिरवंगार होतं आणि पाऊस थांबला की डबकी आटतात, वर गवत उभं असतं पण प्यायला थेंब नाही. मग गुरं पाण्यासाठी खाली धावतात आणि वाटेत कुणाचं तरी शेत खातात, भांडण तिथेच सुरू होतं.
जूनमध्ये लगेच पोटभर चरू देऊ नको. उन्हाळाभर पेंढ्यावर असलेल्या जनावराने एकदम कोवळं खाल्लं की हगवण लागते, पोट फुगतं. सकाळी आधी पेंढा टाक मग सोड, आठ-दहा दिवसांत सवय होते. पाखाडीला म्हातारी गाय पुढे ठेव, तिच्या गळ्यात घंटा. ती शेवाळलेल्या पायरीवर नाक टेकवून वास घेते, एक खूर ठेवून बघते आणि मगच दुसरा उचलते, बाकीची बरोबर तिच्यामागे येतात. मागून काठी मारून घाई केली तर पाय मोडलाच म्हणून समज. पाडा उनाड असेल तर गळ्यात लोढणं बांध.
आणि हस्ताच्या विजा फार वाईट. सड्यावर एखादंच झाड असतं, सगळी गुरं त्याखाली गोळा होतात. दुपारनंतर आभाळ भरलं की खाली आण, गवत कितीही असो.

निवृत्त_पशुवैद्य:
पाण्याचं आधी सांगतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, गाईला 5 ग्रॅमपर्यंत चालतं, 7 च्या पुढे गाभण आणि दुभत्या जनावराला अजिबात नको. भरतीचं पाणी आत झिरपत असेल तर उन्हाळ्याकडे क्षार वाढत जातात, म्हणून खाजणात चरू दे पण पाणी घरी विहिरीचं पाज. गरमीत एका लहान गाईलाही 30-40 लिटर लागतं.
सड्यावरची गुरं हाडं चघळताना बघितली असतील. जांभ्याच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून राहतं, गवतात कमी उतरतं म्हणून ही ओढ. मेलेल्या जनावराच्या हाडातून विषबाधा होते, तेव्हा खनिज मिश्रण रोज द्या, फक्त मिठाची वीट टांगून भागत नाही. लघवी लाल दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, गोचीडताप असू शकतो किंवा ताज्या व्यालेल्या गाईत स्फुरदाची कमतरता, दोन्हींचं औषध वेगळं. गोचीड मारताना गोठ्याच्या भिंतीच्या फटीही फवारा, अंडी तिथेच असतात. घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच, पाऊस सुरू झाल्यावर धावपळ नको. चिखलात उतरताना तुम्हीही पायाची जखम झाकून गमबूट घाला, आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आहे.

बागायतदार_ताई:
मी दुसऱ्या बाजूने बोलते, राग मानू नका. कापणीनंतर मळ्यात आमचा कुळीथ, पावटा असतो, सड्यावर हापूसची नवी कलमं. एक गाय घुसली तर वर्षाची मेहनत जाते. कोंडवाड्याचा कायदा 1871 पासून आहे पण शेजाऱ्याचं जनावर कोंडायला कुणाला आवडतं? तेव्हा मोकाट नको, राखण हवीच. तीन घरांनी मिळून एक माणूस रोजाने ठेवा आणि ज्यांच्या बागा आहेत त्यांच्याकडूनही थोडे पैसे मागा, मी तरी देईन, शेणखत आम्हालाच लागतं. तिवराला हात लावू नका, 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून तोडायला बंदी आहे आणि सरकारी जागेतलं तिवर राखीव वनात धरलंय.

खाडीकाठचा (देवगड):
ताई, बागायतदारांकडे मागायचं डोक्यातच नव्हतं, रविवारी वाडीत बोलतो. डॉक्टर, आभार. एक राहिलं, पावसात रात्री गुरं वरच कुंपणाचा वाडा करून ठेवली तर रोजची चढउतार वाचेल?

गोठा_राजापूर:
माणूस वर झोपणार असेल तरच. बिबट्या वासरू आधी उचलतो. गडगा (दगडी कुंपण) उंच घाल, वर काटेरी झाप टाक, वासरं मधोमध बांध. नाहीतर रोज संध्याकाळी खालीच आण, गावठी गुरांना चढणीचं काही वाटत नाही.