वाचनालयाची खरेदी: ऐतिहासिक कादंबऱ्या कोणत्या घ्यायच्या?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरलेत, ते क्लबहाऊसमधल्या पुस्तकांच्या कपाटासाठी वापरायचं ठरलंय. ऐतिहासिक कादंबऱ्यांना मागणी जास्त आहे. रविवारपर्यंत नावं सुचवा. पार्किंगच्या तक्रारी या मेसेजखाली नकोत.

ए-१०२: 'छावा'ची अजून एक प्रत घ्या. सिनेमा आल्यापासून आमचा नंबरच लागत नाही.

सी-३०१: नवीन काहीतरी घ्या हो. 'छावा' १९७९ची. विश्वास पाटलांच्या 'महासम्राट'चे खंड आणा ना. पहिला 'झंझावात' २०२२ला आला, त्यानंतर 'रणखैंदळ'.

बी-५०४: शिवाजी महाराजांवर आणखी एक? 'श्रीमान योगी' आहे की कपाटात.

सी-३०१: वहिनी, यात शहाजीराजांना भरपूर जागा दिलीय. आपल्याला शहाजीराजे माहीत असतात ते दोन ओळींत, पुण्याची जहागीर आणि मग बंगळूर. निजामशाही टिकवायला एका लहान पोराला गादीवर बसवलं, मोगल आणि आदिलशाही दोघांशी झुंजले, शेवटी १६३६ला माहुलीवर शरण जावं लागलं. तेवढ्यावरच एक कादंबरी होईल.

ए-१०२: जाड आहे का?

सी-३०१: आडवं पडून वाचू नका, छातीवर पडेल.

डी-४०२: घ्याच. पोरांना इतिहास कादंबरीतूनच कळतो. सिंहगडाचं नाव कसं पडलं हे मला तरी गोष्टीतूनच कळलं.

ए-५०१: आता तेच नाव घ्या. तानाजी मालुसरे पडले ४ फेब्रुवारी १६७०ला. महाराजांच्या १६६३च्या पत्रात 'सिंहगड' आलंय. म्हणजे गडाला हे नाव आधीपासूनच होतं. तरी 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य घरोघरी पोचलं, कारण हरि नारायण आपट्यांची त्या नावाची कादंबरी. घोरपडही तशीच आपल्या डोक्यात घट्ट चिकटलेली. आपट्यांचा काय दोष? त्यांनी कादंबरीच लिहिली होती, दाखला म्हणून ती वाचली आपण.
थेऊरचंही तेच. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ला तिथे वारले, रमाबाई सती गेल्या, हे झालं इतिहासात. पण ती दोघं डोळ्यांपुढे येतात ती रणजित देसाईंच्या 'स्वामी'मधली, १९६२च्या. त्या दोघांचं एकांतातलं बोलणं लिहून ठेवायला तिथे कारकून बसला नव्हता.

डी-४०२: म्हणजे काका, घ्यायच्याच नाहीत का?

ए-५०१: घ्या की. मी स्वतः रात्र रात्र जागून वाचल्यात. माझा हट्ट इतकाच की जोडीला इतिहासाचं एखादं पुस्तक हवं. 'पानिपत' कादंबरी आहे ना कपाटात, तिच्या शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' ठेवा. संभाजीराजांवर वा. सी. बेंद्रे किंवा कमल गोखले. ताराबाईंवर जयसिंगराव पवार.

बी-५०४: शेजवलकर कोण वाचणार काका?

ए-५०१: एक जण वाचेल. बाकीच्यांना भांडायला पुरेल.

ई-२०३: काका, एक विचारू? 'छावा' सिनेमात गणोजी शिर्क्यांना फितूर दाखवलं म्हणून शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकांनी कादंबरीचा आधार सांगितला आणि माफीही मागितली. संभाजीराजे लेझीम खेळतात तो प्रसंग तर आधीच काढला होता. मग गणोजी शिर्क्यांचं खरं काय?

ए-५०१: संभाजीराजे फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडले गेले. फितुरी नक्की कोणाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कादंबरीकाराला मात्र कोणाचं तरी नाव घ्यावंच लागतं. 'फितूर कोण ते ठाऊक नाही' असं म्हणून सातशे पानं लिहिता येत नाहीत. अडचण तिथून पुढची. सिनेमावाला म्हणतो मी कादंबरीवरून घेतलं, प्रेक्षक म्हणतो मी सिनेमात पाहिलं. मधल्यामध्ये एका घराण्याच्या नावावर शिक्का बसतो. नवीन खंड हातात आले की आधी प्रस्तावना वाचा. कोणते कागद पाहिले, कोणत्या गडांवर फिरलो, हे लेखक सांगतो का बघा.

बी-५०४: प्रस्तावना मी नेहमीच सोडते 🙏 सासूबाईंना बाजीरावांवरची 'राऊ' हवी आहे, अक्षर मोठं असेल तर.

सी-३०१: अजून एक. 'महासम्राट'चं नदीम खान यांनी केलेलं इंग्रजी भाषांतरही आहे. आमच्या लेकीला मराठी वाचायला जड जातं, एक प्रत तीही घ्यावी.

डी-४०२: महाराज इंग्रजीतून? आपल्या सोसायटीत?

सी-३०१: दादा, तुमचे चिरंजीव याच ग्रुपवर मराठी रोमन अक्षरांत लिहितात.

डी-४०२: हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-१०२: अरे काय लिहिलं होतं?

सेक्रेटरी: पुरे. 'महासम्राट'चे खंड, 'छावा' एक, शेजवलकर मिळाले तर. बेंद्रे आणि पवार पुढच्या वेळी. इंग्रजीचं मीटिंगमध्ये बोलू. पुस्तकं आणायला अप्पा बळवंत चौकात कोण जाईल? तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

ए-५०१: मी बसने जातो. जाड खंड आहेत, पिशवी धरायला कोणीतरी तरुण द्या.

ई-२०३: मी येतो काका. शनिवारी अकरानंतर चालेल?

ए-५०१: चालेल. पण दुकानात गेल्यावर घाई करायची नाही.