समाधीभोवतीचं गवत जाळावं का?

रामबागवाली: लेकीकडे इलिनॉयला, ब्लूमिंग्टनला राहून आले. एप्रिलमध्ये जावई एका जुन्या दफनभूमीत घेऊन गेला, बघते तर सगळं काळंठिक्कर! मला वाटलं, कुण्या टवाळाचं काम. जावई म्हणे, आई, मुद्दाम जाळतात, रानटी गवत जगावं म्हणून. खरंच, राखेतून बोटभर कोंब आले होते.

आता मुद्दा. महूच्या रस्त्यावरचं शेत विकलं, पण आजेसासऱ्यांच्या समाधीभोवतीचा अर्धा एकर ठेवलाय. तिथे नांगर कधीच लागला नाही. सध्या घाणेरी आणि गाजरगवत माजलंय. गडी म्हणतो, काकू, नरवाई (कापणीनंतरची खुंटं) जाळतो तशी काडी लावून टाकू. लावू का?

पिओरियाकर: काकू, थांबा! मी इथे इलिनॉयमध्ये दर वसंतात अशा जाळण्याला जातो. १८३७ मध्ये जॉन डियरचा पोलादी नांगर आला आणि इथलं गवताळ रान मक्याखाली गेलं. हजारातला एक भागही उरला नाही. वाचले ते असे तुकडे, वेस्टनच्या दफनभूमीचा पाच एकर, लोडाच्या दफनभूमीचा साडेतीनच्या आसपास. मेलेल्यांच्या जमिनीत नांगर कोण घालणार?

इथल्या गवताचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जमिनीखाली असतात, आग वरून निघून जाते. झुडपांची रोपं जळतात, आणि बाहेरून आलेलं गवत आधी हिरवं होतं म्हणून तेच होरपळतं. पण काडी लावून मोकळं होत नाही कुणी. कडेने पट्टा कापतो, वारा बघतो, पाठीवर पाणी घेतो. थडग्यांभोवतीचं गवत आधी काढतो, नाहीतर संगमरवराचे पापुद्रे सुटतात. अर्धंच जाळतो, कारण वाळक्या काड्यांत किड्यांची अंडी असतात.

बीडवाला (इंदूर): आपल्याकडे नरवाई जाळायला बंदी आहे, दंड होईल. आणि उपयोगही नाही. घाणेरी जळली तरी बुडातून फुटते. जमीन उघडी पडली की पहिल्या पावसात गाजरगवतच आधी उगवतं.

घाणेरी बुडखा खणून काढा. गाजरगवत पावसाळ्यात, फूल यायच्या आत, हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते. बाकीचं गवत बी गळल्यावर कापा. आपल्या बिडांत, म्हणजे राखलेल्या गवताच्या रानांत, तसंच करतात. रतलामजवळ सैलान्याकडे तणमोर हा दुर्मिळ पक्षी पावसाळ्यात त्याच गवतात अंडी घालतो. पण आधी सांगा, तिथे मूळचं गवत आहे तरी का? नसेल तर कशासाठी एवढा खटाटोप?

रामबागवाली: काल जाऊन आले. गड्याची काडीपेटी माझ्या पर्समध्ये आहे. गवताचं नाव काय ते मला कळत नाही बाई. कमरेएवढं, वाळून तांबूस झालेलं, शेंड्याला काळ्या शेपट्यांचा गुंता. साडीच्या काठाला इतकं टोचून बसलं की घरी तासभर उपटत होते. वाटीभर निघालं.

बीडवाला (इंदूर): कुसळी! मूळची आपलीच. ती वाटी कचऱ्यात टाकू नका हं, पुढच्या फेरीला परत न्या.