ग्लाइडस्लोपला मराठीत काय म्हणावं? उतार, उतरण की आणखी काही?

सोनेगावकर
विमानाच्या ऑटोपायलटवरचा एक लेख मराठीत करतोय. धावपट्टीच्या रेषेत राहण्याचा भाग सहज झाला, गाडी अडली ती खाली येण्यावर. ऑटोपायलटला हे तीन प्रकारे सांगता येतं. मिनिटाला इतके फूट उतर (व्हर्टिकल स्पीड). इतक्या अंशांनी उतर (फ्लाइट पाथ अँगल). नाहीतर धावपट्टीशेजारच्या अँटेनाने आखलेली तिरपी रेषा पकडून उतर (ग्लाइडस्लोप). माझ्या आधीच्या भाषांतरकाराने तिन्हीकडे 'उताराचा वेग' ठोकून दिलंय. 'अवतरण' सुचवू नका, मला लगेच अवतरणचिन्हं दिसतात.

धरमपेठी
'घसरण' म्हटलं की शेअर बाजार. 'उतरण' चालेल, पण आमच्याकडे अर्धे लोक 'उतरंड' वाचतील आणि आजीची मडकी आठवतील. भाऊ, ग्लाइडस्लोपच राहू द्या न, काहून त्रास करून घेता?

कॉकपिटातून
ग्लाइडस्लोप ठेवा हवं तर, पण 'वेग' आधी काढा. तीन अंशांच्या उतारावर विमानाचा जमिनीसापेक्ष वेग 140 नॉट (तासाला 140 सागरी मैल) असेल तर मिनिटाला साधारण 700 फूट उतरावं लागतं. मागून वारा आला आणि तो वेग 160 झाला की त्याच कोनासाठी 800च्या वर. म्हणजे कोन तोच, दर बदलला. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचकाला हे कळणारच नाही.

हा घोळ जिवावर बेतलेला आहे. 20 जानेवारी 1992 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअरबसचं एक ए320 विमान डोंगरावर आदळलं, 87 माणसं गेली. वैमानिकांना 3.3 अंशांचा उतार हवा होता, ऑटोपायलट मात्र दराच्या मोडमध्ये राहिला आणि मिनिटाला 3300 फुटांनी खाली आला, असं तपासात सर्वांत संभाव्य मानलं गेलं. दोन्ही मोड एकाच बटणाने आलटून पालटून यायचे. आकडा दाखवणाऱ्या खिडकीत एकदा '-3.3' (अंश), एकदा '-33' (म्हणजे 3300 फूट). फरक एका टिंबाचा! पुढे दर चार आकड्यांत दाखवायला लागले.

सोनेगावकर
बाप रे. मग 'उतरण्याचा दर' आणि 'उतरण्याचा कोन'. तिसऱ्याचं काय?

कॉकपिटातून
तिसरा जातीनेच वेगळा. कोनाच्या मोडला धावपट्टी कुठे आहे याचा पत्ता नसतो. अर्धा मैल उशिरा उतरायला लागलात तर तो इमानदारीत तीन अंश धरेल आणि तुम्हाला धावपट्टीत अर्धा मैल पुढे नेऊन सोडेल. ग्लाइडस्लोप जमिनीला बांधलेला असतो.

जुनी शुक्रवारी
मग ती 'वाट' झाली की! आणि क्रियापदं आपल्याकडे तयारच आहेत. बटण दाबलंय पण सिग्नल अजून मिळायचाय: विमान वाट पाहतंय. मिळाला: वाट धरली. निसटला: वाट चुकली.

धरमपेठी
चौथं क्रियापद मुद्दाम गाळलं वाटते 😄

कॉकपिटातून
मस्त! एअरबसच्या पडद्यावर 'वाट पाहतंय' निळ्या अक्षरांत असतं, 'वाट धरली' हिरव्यात. निळ्याला हिरवं समजून बसणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. त्यामुळे या निळ्या अवस्थेला इंग्रजीत जे 'आर्म्ड' म्हणतात, त्यासाठी 'सज्ज' मला आवडत नाही, सगळं सुरू झाल्यासारखं वाटतं.

सोनेगावकर
'उतारवाट' पक्की. पण व्हीनॅव्हमध्येही (व्हर्टिकल नॅव्हिगेशन, उंचीचं मार्गदर्शन) वाटच असते ना, अँटेना नसताना?

कॉकपिटातून
असते, पण संगणकाने काढलेली, आणि बहुधा हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीवर बेतलेली. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात गंमत होते. तापलेली हवा फुगते, विमान उंचीमापकाच्या आकड्यापेक्षा खरं तर वर असतं, म्हणून कागदावरची तीन अंशांची वाट प्रत्यक्षात जरा खडी होते. ग्लाइडस्लोपवर या उन्हाचा परिणाम नाही. व्हीनॅव्हच्या वाटेला 'हिशेबी वाट' म्हणा.

जुनी शुक्रवारी
'हिशेबी' नको, कंजूष वाटते. 'गणिती'?

सोनेगावकर
गणिती घेतो. आता गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) राहिलं. 'घिरट्या' लिहिणार नाही, त्या रांगेत थांबलेल्या विमानाच्या.