वार्षिक फी माफ करून मागावी, की कार्डच परत करावे?

बागायतदार, रत्नागिरी:

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर १,५०० रुपये वार्षिक फी आणि तिच्यावर १८ टक्क्यांप्रमाणे २७० रुपये जीएसटी, असे एकूण १,७७० रुपये लागून आले. कार्ड देताना ‘पहिले वर्ष मोफत’ एवढेच ठळकपणे सांगितले गेले होते. दुसऱ्या वर्षाचा आकडा अटींच्या पत्रकात होता आणि तो मी वाचला नव्हता, ही चूक माझीच. मी ग्राहक सेवेला फोन लावला. पहिल्या कर्मचाऱ्याने माफीची सोय नसल्याचे सांगितले. पण ‘मग कार्ड बंद करण्याची विनंती नोंदवून घ्या’ असे म्हणताच त्याने फोन दुसऱ्या विभागाकडे दिला आणि तिथे खरा सौदा सुरू झाला. आधी १,५०० पॉइंट देऊ केले. माझ्या कार्डावर एका पॉइंटचे २५ पैसे मिळतात, म्हणजे ते झाले ३७५ रुपये. मी हा हिशेब बोलून दाखवल्यावर पॉइंट ३,००० झाले. त्यालाही नकार दिल्यावर संपूर्ण फी परत करण्याचे मान्य झाले. पुढच्या स्टेटमेंटवर १,५०० रुपये जमा दिसले, २७० मात्र तसेच राहिले होते. त्यासाठी दुसरा फोन करावा लागला.

माझे म्हणणे असे की, या घासाघिशीत कमीपणा वाटण्यासारखे काहीही नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर पापलेटाच्या वाट्यासाठी आपण दहा-दहा रुपयांची ओढाताण करतो, आणि छापील स्टेटमेंटवरचा आकडा दिसला की देवाचा प्रसाद असल्यासारखा तो मुकाट्याने स्वीकारतो. कार्ड कंपनी प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून कमिशन घेते, त्यामुळे नियमित वापर करणारा ग्राहक टिकवणे तिच्याही फायद्याचे असते. सोडायची असेल तेवढी फी ती सोडते. मात्र आपण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सोडत नाही.

निवृत्त लेखापाल, चिपळूण:

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या प्रश्नाचा आहे. फी कशी वाचवावी, याआधी हे कार्ड आपल्याला हवे आहे का, हे विचारायला हवे होते. फी घेणाऱ्या कार्डांबरोबर ज्या सोयी येतात, त्यांतली विमानतळावरच्या लाउंजची, म्हणजे मोफत बसण्या-खाण्याच्या कक्षाची सोय घ्या. चिपळूणचा माणूस मुंबईला कोकण रेल्वेने किंवा एसटीने जातो. वर्षातून दोनदा मिळणारा फुकटचा उपमा खाण्यासाठी तो विमानतळ गाठणार आहे काय?

दुसरे असे की, माफीची याचना करण्यापेक्षा कार्ड बंद करणे सोपे आहे आणि तिथे नियम आपल्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. माफीसाठी असा कोणताही नियम नाही. ती दिली तर दिली, म्हणजे आज मिळालेली सवलत पुढल्या ऑगस्टला नाकारली गेली तर आपण पुन्हा फोनवर ताटकळत बसणार.

बागायतदाराला तर आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोहोर येण्याआधीच्या फवारणीपासून पेट्यांच्या खरेदीपर्यंतचा खर्च कार्डावर टाकून मे महिन्यापर्यंत थकवण्याचा मोह होतो. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज ४ टक्क्यांवर येते. साध्या क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के लागू शकतात. २०,००० रुपये एक महिना थकले, तर ७०० रुपये व्याज आणि त्यावर १२६ रुपये जीएसटी. असे दोन महिने गेले की आपण जिंकलेले १,७७० रुपये जवळजवळ संपलेच.

न्याहारी-निवास चालक, तारकर्ली:

मी या दोघांच्या मध्ये आहे, कारण माझ्याकडे कार्ड आहे तसेच कार्डाने पैसे घेण्याचे यंत्रही आहे. पाहुणा ४,००० रुपयांचे खोलीभाडे क्रेडिट कार्डाने देतो, तेव्हा कमिशनापोटी माझ्या खात्यात ७० रुपये कमी येतात. तेव्हा फी माफ झाली याचा आनंद मानताना, ती कोणाच्या पदरातून भरून निघते याचाही थोडा विचार करावा.

माझी तक्रार वेगळी आहे. मला फी माफ झाली, परंतु ‘येत्या ६० दिवसांत ५०,००० रुपये खर्च करा’ या अटीवर. फोन होता १२ जूनचा. आमच्याकडे समुद्र खवळलेला असतो, स्कूबा आणि बोटी बंद, मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि खोल्यांत पाहुण्यांऐवजी ओल. त्या दोन महिन्यांत माझा घरखर्च धरून १८,००० रुपयेसुद्धा कार्डावर झाले नसते. विम्याचा हप्ता आणि छपराचे पत्रे कार्डाने भरून मी आकडा ४१,००० पर्यंत नेला. उरलेल्या ९,००० साठी नको असलेला टीव्ही घेणार होतो, तेव्हा बायकोने विचारले, ‘दीड हजार वाचवायला नऊ हजार घालवताय?’ टीव्ही घेतला नाही. फी भरली.

शिक्षिका, दापोली:

चिपळूणच्या काकांचे बाकी सारे पटते, पण ‘सरळ बंद करा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. माझ्याकडे दोन कार्डे होती, एकाची उधारीची मर्यादा ६०,००० आणि दुसऱ्याची ४०,०००. महिन्याचा वापर ३०,००० च्या आसपास असे, म्हणजे एकूण मर्यादेच्या ३० टक्के. दुसरे कार्ड बंद केल्यावर तोच वापर ५० टक्के दिसू लागला, आणि गृहकर्जाच्या अर्जाच्या वेळी तेवढ्याने माझे पतगुण, म्हणजे क्रेडिट स्कोअर, घसरले. बंद खात्याची नोंद पतअहवालात काही वर्षे राहते, त्यामुळे जुना इतिहास लगेच पुसला जात नाही. परंतु कर्ज घ्यायचे असेल त्याच वर्षी कार्डे बंद करू नयेत. आणि बिनफीच्या कार्डात बदलून द्या, अशी विनंती करण्याचा तिसरा मार्ग कोणी सांगितलाच नाही. माझे तसे झाले, मर्यादाही तीच राहिली.

बागायतदार, रत्नागिरी:

तारकर्लीच्या भावांनी सांगितलेली अट मला मान्य नाही. अटीवर मिळालेली माफी ही माफी नव्हे, ती विक्रीची योजना आहे. ‘खर्चाची अट असेल तर नको, फी विनाअट परत करा किंवा कार्ड बंद करण्याची विनंती नोंदवा’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे. मात्र हे म्हणणाऱ्याची कार्ड सोडण्याची खरोखर तयारी हवी, कारण पोकळ धमकी पलीकडच्याला आवाजावरून कळते. एक दुरुस्तीही करतो. मी फोन फी लागल्यावर केला, तो लागण्याच्या महिनाभर आधी करायला हवा होता. फी एकदा खात्यावर चढली की ती थकबाकी ठरते, आणि थकबाकी असताना बंद करण्याचा सात दिवसांचा हक्क लंगडा पडतो.

काकांच्या किसान क्रेडिट कार्डाबद्दल आभार, पण ते माझ्याकडे आहेच. त्याच्यावर मी पीककर्ज घेतो, रोजच्या इतर खर्चासाठी ते वापरत नाही. आणि थकबाकी मी एकदाही ठेवलेली नाही.

निवृत्त लेखापाल, चिपळूण:

थकबाकी ठेवलेली नाही, तर मग तुमच्यासारखा ग्राहक कंपनीला व्याजातून काही देत नाही. पुढल्या ऑगस्टला त्या दुसऱ्या विभागाने हे पाहून फोन ठेवला, तर इथे अवश्य कळवा. दापोलीच्या बाईंचा तिसरा मार्ग मला ठाऊक नव्हता. माझ्या मुलीच्या कार्डाची फी नोव्हेंबरमध्ये लागते, तिला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेच विचारायला सांगितले आहे.